जॅझ स्वरलेखनातील स्वरवळणांची चिन्हे

जॅझ स्वरलेखनातील स्वरवळणांची चिन्हे : जॅझ संगीतात स्वर खालून उचलून घेणे, तो वाजत असता किंचित वाकविणे, सोडताना त्यास खाली अगर वर घसरू देणे इ. क्रिया पंचरेखी स्वरलिपीत दर्शविण्यासाठी स्वरचिन्हाच्या मागे, पुढे अथवा डोक्यावर ज्या वक्र, तिरप्या वा नागमोडी रेषा काढल्या जातात, त्यांचा हा समूह होय. स्कूप, प्लॉप, लिफ्ट, रिप, फॉल, डॉइट, बेंड, फ्लिप, स्मिअर, शेक ही त्यांतील प्रमुख चिन्हांची नावे असून ती वादकांच्या बोलीतून आलेली आहेत. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इटालियन परिभाषेशी त्यांचा संबंध नाही. अपवाद फक्त ग्लिसँडो या संज्ञेचा. ही चिन्हे दिसावयास सोपी आहेत. त्यांचा अर्थ मात्र वाद्य, लय, स्वराची लांबी आणि वाद्यवृंदाची शैली यांनुसार बदलतो. म्हणूनच केवळ चिन्हांची यादी पाठ केलेला वादक पुष्कळदा चुकीचे वाजवितो.

यूरोपीय स्वरलिपी मुळात स्थिर स्वरांची लिपी आहे. सप्तकातील बारा अर्धस्वरांपैकी कोणता स्वर, कोणत्या मात्रेवर आणि किती वेळ, एवढे ती अचूक सांगते. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट सांगण्याचे साधन तिच्याजवळ अपुरे आहे. जॅझमध्ये नेमकी ही वाटच महत्त्वाची असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी न्यू ऑर्लीअन्स व त्याच्या परिसरातील कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातून जॅझ आकारास आले. ब्लूज गीते, श्रमगीते, चर्चमधील सामूहिक गायन आणि लष्करी थाटाची पितळी वाद्यपथके हे त्याचे मूळ साहित्य. यांतील गायनात स्वर क्वचितच सरळ लागे. तो हुंकारासारखा खालून येई, मध्येच कापे, शेवटी निसटे. कॉर्नेट, क्लॅरिनेट व ट्राँबोन वाजविणाऱ्यांनी आपल्या वाद्यांवर हाच मानवी कंठ आणण्याचा प्रयत्न केला. हे शिक्षण कानाने होई. लिहून ठेवण्याची गरज कोणास भासली नाही.

ती गरज वाद्यवृंद वाढला तेव्हा निर्माण झाली. पाचसहा वादक परस्परांकडे पाहून, परस्परांचे ऐकून एकत्र वाजवू शकतात. परंतु १९२३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदासाठी डॉन रेडमन यांनी ट्रंपेट, ट्राँबोन व रीडवाद्ये यांचे वेगवेगळे गट कल्पून लेखन सुरू केले आणि गटातील प्रत्येकाच्या हाती कागद आला. तीन ट्रंपेटवादकांनी एकच स्वर एकाच क्षणी सोडून एकाच वेगाने खाली घसरावयाचे असेल, तर कागदावर काही तरी खूण हवीच. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे एक गोष्ट उलगडते : ही चिन्हे प्रामुख्याने गटवादनासाठी आहेत, एकल वादनासाठी नाहीत. एकल वादकाच्या कागदावर बहुधा केवळ स्वरसंगतीची आद्याक्षरे लिहिलेली असतात व बाकीचे सर्व त्याच्यावर सोपविलेले असते.

मींड आणि फॉल : भारतीय संगीताची ओळख असलेल्या वाचकास ही चिन्हे पाहताच मींड आठवते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलेखन पद्धतीत स्वरांच्या डोक्यावर कमान काढून मींड दाखवितात, तर कणस्वर मुख्य स्वराच्या वर डाव्या अंगास लहान अक्षरात लिहितात. साम्य उघड आहे. तथापि ते एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. पंचमावरून गंधारावर येणाऱ्या मींडेस दोन्ही टोके असतात. निघण्याचा स्वर ठरलेला, पोहोचण्याचा स्वर ठरलेला आणि मधल्या वाटेवर रागाचे नियंत्रण. जॅझमधील बहुतेक स्वरवळणांना मात्र एकच टोक असते. स्कूप कोठून तरी येतो आणि लिहिलेल्या स्वरावर स्थिरावतो. फॉल लिहिलेल्या स्वरावरून निघतो आणि कोठे तरी विरून जातो. ही ‘कोठे तरी’ची जागा लिहिलेली नसते, कारण ती ऐकूच येऊ नये अशी अपेक्षा असते. मींडेच्या सवयीने फॉल वाजविणारा वादक शेवटच्या स्वरावर नकळत थांबतो, त्यास वजन देतो आणि श्रोत्यास एक नवाच स्वर ऐकू येतो. हा दोष आपल्याकडील वादकांतच आढळतो असे नव्हे. अभिजात पाश्चात्त्य शिक्षण घेतलेले वादकही ग्लिसँडोच्या सवयीने तोच करतात. जॅझमध्ये दोन्ही टोके ठरलेली घसीट नाही असे नाही. दोन स्वरचिन्हे सरळ वा नागमोडी रेषेने जोडलेली असली, म्हणजे ग्लिसँडो अभिप्रेत असतो आणि तेथे मींडेची उपमा बरीचशी लागू पडते.

स्वराच्या आधीची चिन्हे : स्वरचिन्हाच्या डाव्या बाजूस खालून वर चढणारी, पळीच्या बुडासारखी लहान वक्ररेषा म्हणजे स्कूप. स्वर किंचित खालून, सामान्यतः अर्ध्या ते एका स्वराच्या अंतरावरून सुरू करून वर घ्यावयाचा, असा तिचा अर्थ. सॅक्सोफोनवर हे काम बोटांनी न करता जबडा सैल सोडून व पुन्हा आवळून करतात. स्कूप मात्रेच्या आधी वाजवावा की मात्रेवर, हा नवख्या वादकाचा नेहमीचा प्रश्न. सर्वसाधारण प्रघात असा की, त्यास लागणारा वेळ मूळ स्वरातूनच घ्यावा. आधीच्या स्वराचा वेळ चोरू नये. त्यामुळे मात्रेवर ऐकू येतो तो स्कूपचा तळ आणि खरा स्वर क्षणभर उशिरा लागतो. संथ लयीत हा उशीरच गोड लागतो. द्रुत लयीत त्यास जागा नसते. तेथे स्कूप म्हणजे स्वराच्या सुरुवातीस दिलेला नुसता लवचिक धक्का होय.

स्मिअर हे स्कूपचेच लांबविलेले रूप. येथे वादक खालूनच निघतो, परंतु वर येण्यास जवळजवळ संपूर्ण स्वरकाल घेतो व पुढील स्वर येण्याच्या जरा आधी नेमक्या उंचीवर पोहोचतो. लिफ्टमध्ये सु. तीन स्वर खालून सलग किंवा अर्धस्वरांच्या पायऱ्यांनी चढून जावे लागते. प्लॉप याच्या उलट, म्हणजे वरून खाली येऊन स्वरावर ‘पडणारा’. पितळी वाद्यांचा गट जोरकस स्वरावर एकत्र उतरतो तेव्हा प्लॉप विशेष परिणामकारक होतो; एरवी त्याचा वापर विरळच.

रिप हा मुख्यतः पितळी वाद्यांचा अलंकार असून तो समजण्यासाठी त्या वाद्यांची रचना ध्यानात घ्यावी लागते. ट्रंपेटची नळी कोणत्याही एका स्थितीत मूलस्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांचे स्वरच देते. या स्वरमालिकेतील अंतरे खाली मोठी व वर लहान होत जातात : चौथ्या व पाचव्या स्वरांत सा ते शुद्ध गंधाराएवढे अंतर असते, तर आठव्या व नवव्या स्वरांत सा ते शुद्ध रिषभाएवढे. ओठांचा ताण झपाट्याने वाढवीत या पायऱ्या ‘फाडत’ वर जाणे म्हणजे रिप. लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९२० नंतरच्या दशकातील ध्वनिमुद्रणांत असे रिप वारंवार ऐकू येतात. सॅक्सोफोनवर वाजविलेला रिप ही वस्तुतः वेगवान तान असते. चिन्ह तेच, नाव तेच, निष्पत्ती निराळी.

स्वरानंतरची चिन्हे : फॉल हे या समूहातील सर्वांत अधिक आढळणारे व सर्वांत अधिक चुकीचे वाजविले जाणारे चिन्ह. स्वरचिन्हाच्या उजव्या बाजूस खाली वळणारी रेषा, एवढेच त्याचे रूप. आखूड रेषा असल्यास आखूड फॉल, लांब असल्यास लांब. काही लेखक लांब फॉल नागमोडी रेषेने दाखवितात, काही रेषेजवळ शब्दांत लिहितात. यासच फॉल-ऑफ, स्पिल, ड्रॉप अशीही नावे आहेत.

फॉल वाजविताना तीन गोष्टींचा निर्णय करावा लागतो. पहिली, मूळ स्वर किती वेळ धरावयाचा. एका मात्रेच्या स्वरावर फॉल असेल, तर स्वर स्पष्ट उच्चारून लगेच निघावे लागते; परंतु चार मात्रांच्या स्वराला फॉल जोडलेला असेल, तर तो पहिल्या मात्रेपासूनच घसरू लागणे हास्यास्पद होय. तेथे तीन मात्रा स्वर धरून चौथीवर सुटावे, असा बहुतेक वाद्यवृंदांचा परिपाठ आहे. दुसरी गोष्ट घसरण्याचा वेग व पल्ला. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आवाजाचा उतार. स्वर खाली जाताना लहान लहान होत गेला पाहिजे. तो संपला कोठे, हे श्रोत्याला कळता कामा नये. या तिन्ही गोष्टी कागदावर नसतात. त्या प्रमुख ट्रंपेटवादक ठरवितो, गटातील इतर ट्रंपेटवादक त्याचे अनुकरण करतात आणि ट्राँबोन व सॅक्सोफोन यांचे गट ट्रंपेटच्या मागे जातात. पहिल्या तालमीत पंधरा वादक पंधरा प्रकारे खाली येतात आणि मग प्रमुख वादक एकदा वाजवून दाखवितो, हे दृश्य कोणत्याही वाद्यवृंदात पाहावयास मिळते. तालमीत सर्वांनी पेन्सिलीने फॉलजवळ मात्रेचा आकडा लिहून घेणे ही जुनी, साधी व उपयुक्त पद्धत आहे.

डॉइट म्हणजे फॉलचे उलटे रूप. स्वर उच्चारून तो वरच्या दिशेस सोडून द्यावयाचा. शब्द अनुकरणवाचक असून त्याचा उच्चार मोठ्याने केल्यास अलंकार कसा वाजतो, याची कल्पना येते. वर चढताना आवाज वाढू देण्याचा मोह होतो, तो आवरावा लागतो.

स्वराच्या मध्ये येणारी चिन्हे : बेंडचे चिन्ह स्वराच्या डोक्यावर, पसरट वाटीच्या आकाराचे असते. स्वर नेमका लावून, मग सु. अर्धस्वर किंवा त्याहूनही कमी खाली दाबून पुन्हा मूळ जागी आणावयाचा. मात्र हे वाऱ्याच्या वाद्यांपुरते. गिटारवर बेंड याचा अर्थ याच्या विरुद्ध होतो. कारण तार बोटाने बाजूस ओढली असता तिचा ताण वाढतो व स्वर वरच जातो. सतारीवरील मींडेचे तत्त्वही हेच आहे. गिटारच्या स्वरलेखनात म्हणूनच वर जाणारा बाण काढून स्वर अर्ध्याने चढवावयाचा की पूर्ण, हे अंकाने वा शब्दाने सांगतात. एकाच चमूत गिटारवादक व सॅक्सोफोनवादक या दोघांच्या कागदावर एकच शब्द असावा आणि एकाने वर, दुसऱ्याने खाली जावे, असा घोटाळा त्यामुळे संभवतो.

फ्लिप दोन स्वरांच्या मध्ये येतो : पहिल्या स्वराच्या शेवटी स्वर झटकन वर उडवून पुढच्या, बहुधा खालच्या, स्वरावर टाकावयाचा. आपल्याकडील मुरकीच्या जवळचा हा प्रकार आहे. शेक म्हणजे स्वराच्या डोक्यावरील लांब नागमोडी रेषा. यात ट्रंपेटवादक लिहिलेला स्वर व स्वरमालिकेतील त्याच्या वरचा स्वर यांत वेगाने हेलकावे घेतो. काही वादक त्यासाठी वाद्य हाताने अक्षरशः हलवितात. सप्तकाच्या वरच्या भागातच तो चांगला साधतो, कारण तेथे लगतच्या स्वरांतील अंतर लहान असते. ओठांनी घेतलेला कंपस्वर याहून संथ व अधिक नियंत्रित असतो. स्वरचिन्हाऐवजी फुली किंवा कंसातील स्वर, तसेच अधिक व शून्य या खुणा, यांचा संबंध अनुक्रमे दबलेल्या स्वराशी आणि भोंग्याचे तोंड झाकण्या-उघडण्याशी आहे. ती स्वरवळणे नव्हेत.

वाद्यांच्या मर्यादा : सरकत्या नळीमुळे ट्राँबोन हे घसिटीचे नैसर्गिक वाद्य होय. न्यू ऑर्लीअन्समध्ये वाद्यपथक गाडीवरून मिरवीत असे, तेव्हा नळी पुढे-मागे सरकविण्यास मोकळी जागा मिळावी म्हणून ट्राँबोनवादकास गाडीच्या मागच्या फळीपाशी बसवीत. त्यावरून तेथील घसिटीच्या वादनशैलीस ‘टेलगेट’ असे नाव मिळाले. किड ओरी हे तिचे नामांकित वादक. तथापि ट्राँबोनवरील घसीटही अमर्याद नाही. नळीच्या सात स्थिती असून पहिलीपासून सातवीपर्यंत स्वर सहा अर्धस्वर उतरतो. म्हणजे अखंड घसीट फार तर सा ते तीव्र मध्यम एवढ्या अंतराची मिळते. त्याहून मोठी रेषा कागदावर दिसली, तर वादकास मध्येच एका स्वरमालिकेवरून दुसरीवर उडी घेऊन ती जागा झाकावी लागते.

ट्रंपेटवर झडपा असल्याने घसीट अखंड नसते. आखूड फॉल ओठांनी साधतो; लांब फॉलसाठी झडपा अर्ध्याच दाबून स्वर अस्थिर करतात. अर्ध्या झडपेची ही कला रेक्स स्ट्यूअर्ट यांनी ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात अतिशय विकसित केली. १९३८ मधील ‘बॉय मीट्स हॉर्न’ ही रचना तिच्यावरच आधारलेली आहे. याच वाद्यवृंदातील जॉनी हॉजेस यांनी आल्टो सॅक्सोफोनवर इतकी सलग घसीट साधली की, ते वाद्य कळांचे आहे याचा श्रोत्यास विसर पडावा. पियानोवर स्वर वाकविता येत नाही. पियानोवादक कोमल गंधार व शुद्ध गंधार यांच्या पट्ट्या जवळजवळ एकदमच दाबून, किंवा पहिलीवरून बोट दुसरीवर घसरवून, स्वरवळणाचा आभास निर्माण करतो.

लेखन व वादन यांमधील अंतराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ या रचनेचा प्रारंभ. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या इओलिअन हॉलमध्ये पॉल व्हाइटमन यांच्या वाद्यवृंदाने ती प्रथम सादर केली. गर्श्विन यांनी क्लॅरिनेटसाठी लिहिला होता एक कंपस्वर आणि त्यानंतर सतरा स्वरांची चढती तान. तालमीच्या वेळी क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मन यांनी थट्टेने त्या तानेचा वरचा भाग एकसंध घसिटीत वाजविला. गर्श्विन यांना तो आवडला व त्यांनी तसाच ठेवावयास सांगितले, अशी हकीकत सांगितली जाते. आज जगभर ही रचना अशीच सुरू होते. लिहिल्याप्रमाणे अचूक सतरा स्वर वाजविणारा वादक श्रोत्यांना चुकलेला वाटेल. ही घसीट साधते ती क्लॅरिनेटच्या उघड्या छिद्रांवरून बोटे हळूहळू सरकवून. परंतु तेवढे पुरत नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील ध्वनिशास्त्रज्ञांनी केलेल्या मोजमापांवरून असे दिसून आले की, निपुण वादक या वेळी मुख व कंठ यांच्या पोकळीचे अनुस्पंदन इच्छित स्वराशी जुळवीत नेतो. म्हणजे वाद्य वाजविताना तो एका अर्थी गातच असतो. खालच्या सप्तकात हे साधत नाही, म्हणून तेथे तान व वर घसीट अशी विभागणी प्रचारात आहे.

ब्लू स्वर : वळणाची चिन्हे व ‘ब्लू’ स्वर यांत गल्लत होऊ नये. ब्लूज गायनातील गंधार, निषाद व काही प्रसंगी पंचम हे स्वर पियानोच्या पट्ट्यांवरील जागांपेक्षा खाली, शुद्ध व कोमल यांच्या दरम्यान कोठे तरी लागतात. त्यांची जागा एकाच गीतातही सरकते. लिपीत ते कोमल स्वराच्या चिन्हाने दाखवितात, क्वचित त्यास स्कूप जोडतात. दोन्ही उपाय अपुरे आहेत. स्कूप हा स्वराकडे येण्याचा मार्ग आहे, तर ब्लू स्वर हा स्वतःच मुक्काम आहे. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास वादक प्रत्येक कोमल गंधार खालून उचलू लागतो आणि ब्लूजचे विडंबन होते.

लिहिलेले व न लिहिलेले : एलिंग्टन यांच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह १९८८ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. त्यातील वादकांच्या कागदांवर वाद्याच्या नावाऐवजी अनेकदा वादकाचेच नाव वा टोपणनाव आढळते. स्वरवळणांच्या खुणा मात्र थोड्याच. याचे कारण उघड आहे : हॉजेस काय करतील, हे एलिंग्टन यांना ठाऊक होते आणि हॉजेस यांना एलिंग्टन यांना काय हवे ते ठाऊक होते. हॉजेस १९७० मध्ये व एलिंग्टन १९७४ मध्ये निवर्तले. ही माणसे गेल्यावर कागद उरला, तो अर्धाच. पुढील पिढ्यांना त्या रचना वाजविता याव्यात म्हणून जुन्या ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकून त्यांतील प्रत्येक फॉल, स्कूप व शेक लिहून काढण्याचे काम करावे लागले. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरच्या जॅझ विभागातर्फे १९९६ पासून शालेय वाद्यवृंदांची स्पर्धा भरते. तिच्यासाठी एलिंग्टन यांच्या रचनांची असे तपशील असलेली स्वरलेखने शाळांना पुरविली जातात.

येथे एक मतभेदाचा मुद्दा उपस्थित होतो. जितके अधिक लिहावे तितके वादन अचूक होते, परंतु जितके अचूक होते तितके ते दुसऱ्या कोणाचे तरी होते. हॉजेस यांचे वळण शंभर शाळांतील मुलांनी कागदावरून वाजवावे, यात त्या संगीताचे जतन आहे की त्याचे गोठणे, याविषयी जाणकारांत एकमत नाही. दुसऱ्या टोकास, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार्ली पार्कर यांच्या एकल वादनांच्या सुप्रसिद्ध संग्रहात स्वर व लय काळजीपूर्वक उतरविलेले असून उच्चारणाच्या खुणा मात्र अगदी विरळ आहेत. विद्यार्थ्याने मूळ ध्वनिमुद्रिका ऐकावी, हे त्यात गृहीत धरलेले आहे. मला हा दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, मात्र ज्याला मूळ वादन ऐकावयास मिळत नाही अशा वाचकावर तो अन्याय करतो, हेही मान्य केले पाहिजे.

प्रमाणीकरण : एकाच वळणास निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळी नावे व रेषा योजल्याने मोठा गोंधळ माजला होता. १९६८ मध्ये अमेरिकेत जॅझ शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने पुरस्कारिलेली चिन्हांची प्रमाण यादी शालेय वाद्यवृंदांसाठी छापल्या जाणाऱ्या स्वरलेखनांच्या आरंभी दिली जाऊ लागली. यादीमुळे नावे पुष्कळशी स्थिर झाली. तरीही स्कूप, स्मिअर व बेंड यांच्या सीमारेषा आजही धूसर आहेत. त्यामुळे अपरिचित स्वरलेखन हाती आल्यास प्रथम त्यातील चिन्हांचा खुलासा पाहावा, तो नसल्यास रचनाकाराची शैली व काळ विचारात घ्यावा.

महाराष्ट्र व गोवा यांचा या विषयाशी संबंध मुंबईमार्गे येतो. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजविण्यास आला व त्यानंतर असे आणखी वादक आले. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पंचरेखी लिपी शिकून मुंबईत आलेल्या गोमंतकीय वादकांनी ही शैली त्यांच्याकडून व ध्वनिमुद्रिकांवरून आत्मसात केली. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक अंतोनियो शाव्हिएर वाझ (१९१६–६७) हे त्यांपैकी एक. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतातही त्यांचा सहभाग होता. चित्रपटांच्या वाद्यवृंदात या वादकांपुढे उलट दिशेची अडचण उभी राहिली. संगीतकार पेटीवर वा गाऊन सुरावट सांगे, तीत मींड व मुरक्या असत आणि संयोजकास ती व्हायोलिनच्या ताफ्यासाठी पंचरेखी लिपीत उतरवावी लागे. ग्लिसँडोची रेषा, लहान आकाराचा कणस्वर व जोडकमान एवढ्यांवर भागवून उरलेले तो गाऊन दाखवी. दोन्ही परंपरांत लिपीचे अपुरेपण कानाने भरून काढले जाई, म्हणून हा व्यवहार चालू शकला. पुढे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी रागांचे स्वर जॅझमध्ये आणताना सॅक्सोफोनवर मींडेसारखी सलग वळणे घेतली.

संगणकाच्या प्रसारानंतर या चिन्हांना नवे रूप प्राप्त झाले. विद्युत् वाद्यांना परस्परांशी जोडणारी मिडी ही संकेतपद्धती १९८३ मध्ये प्रचारात आली. तीत स्वर वाकविण्याच्या चाकाचा पल्ला १६,३८४ पायऱ्यांत विभागलेला असून तो सामान्यतः वर व खाली दोन-दोन अर्धस्वरांचा ठेवतात. २००१ मध्ये युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात पाश्चात्त्य संगीतचिन्हांचा समावेश झाला, त्यात डॉइट, रिप, फ्लिप, स्मिअर व बेंड यांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. सर्वांत जास्त वापरात असलेला फॉल मात्र त्यांतून राहून गेला. ही उणीव २०१३ मध्ये मांडण्यात आलेल्या संगीतमुद्राक्षरांच्या नव्या आराखड्यात भरून निघाली व त्यात फॉलचे आखूड, मध्यम, लांब असे प्रकारही आले. स्वरलेखनाचे संगणकीय कार्यक्रम आता ही चिन्हे छापतात, तसेच वाजवूनही दाखवितात. त्यांनी वाजविलेला फॉल ठराविक वेगाने ठराविक स्वरापर्यंत उतरतो व दर वेळी तसाच उतरतो. तालमीपूर्वी चिन्हाची दिशा समजून घेण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. [⟶ जॅझ संगीत, मींड, स्वरलेखन पद्धती].